खेळाडू कुणाच्या पदरचा?

बीदरहून आगगाडीने हैदराबादेस जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत विकाराबादचे जंक्शन लागते. या मार्गाने नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव कुठून आले असा प्रश्न पडत असेल. मराठी कानाला विकार म्हणजे दुखणे. परंतु येथला शब्द फारसीतला असून त्याचा अर्थ प्रतिष्ठा, भारदस्तपणा असा आहे. निजामाच्या दरबारातील विकारुल उमरा या पायगा घराण्यातील अमिराच्या नावाने हे गाव ओळखले जाते. पायगा हा शब्दही आपल्याला अगदीच परका नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून आपल्याला पदोपदी भेटणारी ‘पागा’ ती हीच. निजामाच्या सेवेसाठी घोडेस्वार बाळगावेत, आणि त्यांच्या खर्चासाठी अमुक इतक्या गावांचे उत्पन्न घ्यावे, अशा बोलीने ज्या घराण्याला जहागिरी मिळाल्या ते पायगा घराणे. पुढे त्याच्या तीन शाखा झाल्या : आसमानजाही, खुर्शीदजाही आणि विकारुल उमराई.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते टेनिस या खेळाविषयी आणि त्या खेळावर आपले आयुष्य उभे करणाऱ्या एका बाईविषयी. मग ही जहागिरदारांची वंशावळ कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की, जुन्या बीदर जिल्ह्यातील मोठा मुलूख पायगा आणि अन्य जहागिरींत मोडत असे. चिटगुप्प्यासारखा तालुकाच्या तालुका पायगेचा होता. तांबड्या मुरमाच्या माळावर आणि काळ्या रानात ज्वारी, तूर पिकवणारा शेतकरी जो सारा भरी, तो हैदराबादेतील देवड्यांकडे जाई. त्या देवड्यांतून घोडे पोसले जात, शिकारी होत, मुशायरे भरत. आणि विसावे शतक उजाडल्यावर क्रिकेट, पोलो, टेनिस हे इंग्रजी खेळही त्याच पैशावर पोसले गेले. आसमानजाही शाखेचे नवाब मोइनुद्दौला यांच्या नावाचा सुवर्णचषक १९३० साली सुरू झाला. त्याचे नाव भारतीय क्रिकेटच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. त्या चषकातले काही मासे सोने चिटगुप्प्याच्या शेतात पिकले असे म्हटले तर तो निव्वळ कल्पनाविलास ठरणार नाही.

या वातावरणात वाढलेला सर्वांत नामांकित खेळाडू म्हणजे सय्यद महंमद हादी. त्यांचा जन्म १८९९ चा. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, टेनिस, टेबलटेनिस, बुद्धिबळ आणि पोलो अशा सात खेळांत त्यांना गती होती, म्हणून इंग्रजीतील इंद्रधनुष्याचे नाव पुढे जोडून लोक त्यांना ‘रेनबो हादी’ म्हणत. इंग्लंडात केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात ते शिकले आणि तेथे टेनिसमध्ये त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. १९२४ साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये ते टेनिसच्या दुहेरीत भारताकडून उतरले. डेव्हिस चषकाचे सामनेही ते त्याच सुमारास खेळले. आणि याच गृहस्थांनी दहा वर्षांनंतर, रणजी करंडकाच्या पहिल्याच मोसमात हैदराबादकडून मद्रासविरुद्ध नाबाद १३२ धावा काढल्या. रणजी करंडकातील ते पहिले शतक. एकाच माणसाने एका खेळात ऑलिंपिक गाठावे आणि दुसऱ्या खेळात राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले शतक नोंदवावे, हा योग आज कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

तो का येणार नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. हादींची गुणवत्ता निर्विवाद होती. परंतु सात खेळ खेळण्यासाठी गुणवत्तेइतकाच वेळ लागतो, आणि वेळ हा फुकट मिळत नाही; तो कोणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो. त्या काळी टेनिस हा हौशी खेळ होता. हौशी म्हणजे खेळाबद्दल पैसा न घेणारा. हा नियम दिसायला फार उदात्त आहे. परंतु त्याची जन्मभूमी जे इंग्लंड, तेथे नौकानयनाच्या हेन्ली येथील प्रसिद्ध शर्यतीत, अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्या मनुष्यास ‘हौशी’ म्हणून प्रवेशच नव्हता, आणि ही बंदी १९३७ पर्यंत टिकली. ज्याला पैशाची गरज नाही त्यानेच खेळावे, असा त्या उदात्ततेचा व्यवहारातील अर्थ होता. पॅरिसच्या त्याच ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळून एकेरीत उपांत्यपूर्व फेरी गाठणारे सिडनी जेकब हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी होते, हे येथे ध्यानात घ्यावे. कोणी सरकारच्या पगारावर, कोणी घरच्या संपत्तीवर, तर कोणी एखाद्या अमिराच्या पदरी राहून हौशी राहू शके. शेतकऱ्याचा मुलगा हौशी राहू शकत नव्हता. त्याला हौसच परवडत नव्हती.

गंमत अशी की, या हौशीपणाच्या व्याख्येवरूनच टेनिसची आंतरराष्ट्रीय संघटना आणि ऑलिंपिकचे चालक यांच्यात बेबनाव झाला आणि १९२४ नंतर टेनिस ऑलिंपिकमधून बाहेर पडले ते १९८८ साली सेऊल येथे परत आले. म्हणजे हादी ज्या दारातून आत गेले, ते त्यांच्यामागे चौसष्ट वर्षे बंद राहिले. १९२६ साली फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन या अजोड खेळाडूने एका अमेरिकन व्यवस्थापकाशी करार करून उघडपणे पैसे घेऊन खेळण्यास आरंभ केला, तेव्हा टेनिसच्या प्रतिष्ठित जगाने तिला वाळीत टाकले. आपल्याकडेही अशा खेळाडूला ‘धंदेवाईक’ म्हणत आणि त्या शब्दाच्या उच्चारात नाक किंचित वर जात असे. ‘व्यावसायिक’ हा सोवळा शब्द मागाहून रूढ झाला. गवयाने बिदागी घेतली, वैद्याने फी घेतली, तर त्याची विद्या बाटत नाही. खेळाडूचीच तेवढी का बाटावी, याचे समाधानकारक उत्तर मला तरी कोठे आढळलेले नाही.

आश्रयाची दुसरी बाजू हादींनी जवळून पाहिली असली पाहिजे. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय क्रिकेट संघात ते होते. कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. त्या संघाचे कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार. पैसा खर्च करण्याची त्यांची तयारी मोठी होती, खेळ बेताचा होता. त्या दौऱ्यात लाला अमरनाथ यांच्यासारखा ऐन भरातला खेळाडू पहिल्या कसोटीच्या आधीच बेशिस्तीचा ठपका ठेवून मायदेशी परत पाठवण्यात आला. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती संघ, हा त्या काळचा न्याय. खेळाडूने तक्रार करावी तर कोणाकडे? तक्रार ऐकणारा आणि अन्नदाता हे बहुधा एकच असत.

पुढचा इतिहास बीदरकरांना मी सांगावयास नको. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि ज्या उत्पन्नावर देवड्या उभ्या होत्या ते उत्पन्न सरकारजमा झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद ही गावे म्हैसूर राज्यात गेली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, तर जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. हादींनी पुढे क्रीडा-प्रशासनात काम केले आणि १९७१ साली ते हैदराबादेत निवर्तले. अमिराच्या आश्रयाची जागा सरकारी खात्याने घेतली होती. मात्र खेळाडू कोणाच्या तरी पदरचाच राहिला होता.

टेनिसच्या जगात खरा पालट झाला तो १९६८ साली. त्या वर्षी हौशी आणि धंदेवाईक हा भेद मोठ्या स्पर्धांतून उठला. विंबल्डनने प्रथमच बक्षिसाची रक्कम जाहीर केली : पुरुषांच्या विजेत्यास २००० पौंड, स्त्रियांच्या विजेतीस ७५०. या दोन आकड्यांमधील अंतर बोलके आहे. दोनच वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेत ह्यूस्टन येथे नऊ स्त्री-खेळाडूंनी नाममात्र एका डॉलरच्या करारावर सह्या केल्या आणि स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा उभी केली. १९७३ मध्ये स्त्री-टेनिसपटूंची संघटना निघाली. आपल्याकडील रामनाथन कृष्णन यांची उमेदीची वर्षे या पालटाच्या आधीच संपत आली होती. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनची उपांत्य फेरी गाठूनही ते हौशीच राहिले.

स्त्रियांचा विषय निघाला आहे म्हणून एक नाव येथे घेतले पाहिजे. विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव. साल १९३४. त्यांची आई पंडिता क्षमा राव या स्वतः टेनिस उत्तम खेळत आणि संस्कृतात काव्ये लिहीत. वेदवाङ्मयाचे व्यासंगी शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या. एका मराठी विद्वानाच्या नातीने इंग्लंडच्या हिरवळीवर हे यश मिळवले, ही आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. परंतु लीलाबाईंचेही टेनिस हौशीच होते. ‘हे माझे काम आहे, यावर मी जगणार आहे’ असे म्हणू शकणारी भारतीय स्त्री टेनिसमध्ये मोठ्या पायरीवर दिसण्यास आणखी सत्तर वर्षे जावी लागली. ती दिसली हैदराबादेत.

सानिया मिर्झाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला. तीन आठवड्यांची असताना तिला हैदराबादेस आणले. या तीन आठवड्यांना पुढे विलक्षण महत्त्व येणार होते, त्याकडे मी नंतर वळेन. सहाव्या वर्षी तिच्या हाती रॅकेट आली. त्या दिवसांतील हैदराबादची मैदाने कशी होती हे तिनेच अनेकदा सांगितले आहे : शेणाने सारवून केलेली. आपल्या घरची अंगणे जशी सारवतात तशी जमीन सारवावी, वर पांढऱ्या रेघा माराव्यात, की झाले टेनिसचे मैदान. अशा जमिनीवर चेंडूची उसळी एकसारखी राहत नाही. वडील इम्रान मिर्झा यांना क्रिकेटचे वेड. आई नसीमा छपाईचा व्यवसाय पाहत. लहान मुलीला टेनिसपटू करावयाचे तर शिक्षक, रॅकेटी, तारा, चेंडू, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि प्रत्येक प्रवासात सोबत एक वडीलधारे माणूस, हे सर्व पदरचे खर्चून करावे लागे. येथे ‘पदर’ हा शब्द उलट बाजूने येतो, हे आपल्या लक्षात आले असेल. कोणाच्या पदरी राहणे निराळे आणि पदरचे घालणे निराळे. हादींच्या पिढीचा खेळ पहिल्या प्रकारचा होता, सानियाचा दुसऱ्या. मागाहून कंपन्यांचा पैसा आला. परंतु तो यश दिसल्यानंतर आला. यश दिसेपर्यंतची जोखीम घराची.

२००३ साली रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर तिने विंबल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये पाऊल ठेवले. जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. मोठ्या चार स्पर्धांपैकी एकीच्या एकेरीत येथवर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. तिसऱ्या फेरीत समोर सेरेना विल्यम्स. पहिला सेट १-६ असा गेला, पण दुसऱ्यात ४-६ पर्यंत झुंज झाली. मग १२ फेब्रुवारी २००५. हैदराबादच्या फतेह मैदानावर, ज्याला १९६७ पासून लालबहादूर शास्त्री स्टेडियम म्हणतात, युक्रेनच्या अलोना बोंडारेंकोला तिने ६-४, ५-७, ६-३ असे हरवले आणि स्त्री-व्यावसायिकांच्या मुख्य मालिकेतील एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. गोवळकोंडा घेतल्यावर आलमगिराच्या फौजा येथे उतरल्या म्हणून मैदानाचे नाव फतेह, अशी परंपरागत समजूत आहे. त्या मैदानाने त्या दिवशी निराळी फत्ते पाहिली. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत ती चौथ्या फेरीपर्यंत पोचली.

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जगाच्या नकाशावर नाव कोरणाऱ्या व्यक्तीस यापुढे एकेरी संबोधणे मला प्रशस्त वाटत नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत त्या जगात २७ व्या क्रमांकावर होत्या. भारतातील कोणतीही स्त्री आजवर एकेरीत याहून वर गेलेली नाही. त्यांच्या उजव्या हाताचा फटका पुरुष-खेळाडूंनाही हेवा वाटावा असा होता. परंतु ज्या मनगटातून तो फटका निघे तेच मनगट दगा देऊ लागले. २००८ साली शस्त्रक्रिया झाली. त्या काळात हातात कंगवा धरून केस विंचरणेही जमत नव्हते, असे त्यांनी सांगितले आहे. व्यावसायिक खेळाडूचे मनगट म्हणजे शेतकऱ्याचा बैल. तो बसला की शेत पडून राहते, आणि कर्ज मात्र चालू राहते. हादींचा हात दुखता तर ते बुद्धिबळाचा पट मांडून बसते.

येथे त्यांनी जो निर्णय घेतला तो मला त्यांच्या सर्व विजेतेपदांहून मोलाचा वाटतो. २०१३ मध्ये त्यांनी एकेरी सोडली आणि आपली सर्व शक्ती दुहेरीकडे वळवली. एकेरीचे वलय सोडून देणे मानी माणसाला सोपे नसते. दुहेरीकडे लोक दुय्यम म्हणून पाहतात. वर्तमानपत्रेही तिला खालची ओळ देतात. परंतु कारागिराला आपल्या हत्याराची मर्यादा ठाऊक असते. मिश्र दुहेरीत महेश भूपतीबरोबर २००९ साली ऑस्ट्रेलियाचे आणि २०१२ साली फ्रान्सचे, २०१४ साली ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकेचे अजिंक्यपद त्यांनी मिळवले. आणि २०१५ च्या वसंतात स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस त्यांची जोडीदार झाली. १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया मिर्झा दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिल्या आल्या. त्या स्थानावर त्या एकूण ९१ आठवडे राहिल्या.

त्या वर्षीचा ११ जुलैचा विंबल्डनचा अंतिम सामना वर्णन करण्याजोगा आहे. समोर रशियाच्या माकारोवा आणि वेस्निना. पहिला सेट ५-७ असा गेला. दुसरा टायब्रेकवर जिंकला. तिसऱ्यात रशियन जोडी ५-२ ने पुढे. आणखी एक गेम, की सारे संपले. येथून सानिया-हिंगिस यांनी लागोपाठ तीन गेम घेऊन बरोबरी केली. तोवर लंडनची संध्याकाळ काळवंडली, खेळ थांबला, मैदानावरचे छप्पर सरकवून दिवे लावण्यात आले. दिव्याच्या उजेडात आणखी दोन गेम झाले. दोन्ही यांनी जिंकले. ७-५. पुढे अमेरिकेची आणि जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाची स्पर्धाही या जोडीने घेतली. लागोपाठ ४१ सामने त्या हरल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत दुहेरीची ४३ विजेतेपदे आणि सत्तर लाख डॉलरांहून अधिक बक्षिसाची रक्कम त्यांच्या नावावर जमा होती. जहागिरीच्या सनदेवर नव्हे, आपल्या मनगटावर, तेही दुखऱ्या मनगटावर, मिळवलेली ही रक्कम.

असे असूनही खेळाडू आपल्याच पदरचा आहे अशी समजूत करून घेणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. दोन प्रसंग सांगतो.

पहिला २०१२ सालचा. लंडन ऑलिंपिकसाठी पुरुष दुहेरीच्या जोड्या ठरवताना आपल्या नामवंत खेळाडूंत तंटा उभा राहिला. कोणी कोणाबरोबर खेळावयास राजी नव्हते. अखेर लिअँडर पेस यांचे समाधान व्हावे म्हणून मिश्र दुहेरीत सानिया त्यांच्याबरोबर खेळतील असे टेनिस संघटनेने ठरवून टाकले. भूपतीबरोबर त्यांनी महिनाभरापूर्वीच फ्रान्सची स्पर्धा जिंकली होती, हे कोणी जमेस धरले नाही. सानिया मिर्झांनी जाहीर पत्रक काढले. देशासाठी कोणाबरोबरही खेळण्यास आपण तयार आहोत. परंतु रुसलेल्या एका खेळाडूची समजूत काढण्यासाठी आपला आमिषासारखा उपयोग केला गेला आणि हा भारतीय स्त्रीचा अवमान आहे, असा त्याचा आशय होता. त्या लंडनला गेल्या, ठरलेल्या जोडीदाराबरोबर खेळल्याही. १९३६ च्या दौऱ्यातील कोणा खेळाडूने असे पत्रक काढल्याचे आपण कल्पनेत तरी आणू शकतो काय? पत्रक काढण्यासाठी नुसते धैर्य पुरत नाही. दुसऱ्या दिवशी आपली चूल पेटणार आहे याची खात्रीही असावी लागते. ती खात्री त्यांना त्यांच्या व्यवसायाने दिली होती.

दुसरा प्रसंग आपल्या सरहद्दीवरील लोकांना अधिक लागेल असा आहे. जून २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि जुलैमध्ये त्या सरकारने सानिया मिर्झांना राज्याच्या सदिच्छादूत नेमून एक कोटी रुपये दिले. त्यावर एका आमदाराने हरकत घेतली. या बाईंचा जन्म महाराष्ट्रातला, त्या मागाहून हैदराबादेत आल्या, म्हणून त्या स्थानिक नव्हेत. आणि त्यांनी पाकिस्तानी क्रिकेटपटूशी विवाह केल्याने त्या तिकडच्या सून आहेत. एक कोटी द्यावेत की देऊ नयेत हा निराळा वाद आहे, आणि तो करण्याचा अधिकार लोकांना आहे. राज्याचा खजिना म्हणजे कुणाची देवडी नव्हे. परंतु हरकतीची भाषा ऐकून जुन्या हैदराबाद संस्थानातील माणसांच्या कानांत एक जुना शब्द पुन्हा वाजला असेल : मुल्की. पंधरा वर्षे संस्थानात राहिल्याचा दाखला असेल तो मुल्की, नसेल तो गैरमुल्की, नोकरी मुल्कीला. या एका शब्दाने किती घरांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, हे बीदर-गुलबर्ग्यात सांगावयास नको. आणि १९५६ नंतर तर आपल्यापैकी अनेकांना, घर न सोडता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्याचा अनुभव आहेच.

सानिया मिर्झांनी उत्तर दिले ते आपल्या घराण्याच्या इतिहासाने. आपल्या जन्माच्या वेळी आईची प्रकृती गंभीर होती, म्हणून मुंबईच्या रुग्णालयात जन्म झाला आणि तीन आठवड्यांत आपण हैदराबादेत आलो, असे त्यांनी सांगितले. पणजोबांचे वडील अझीझ मिर्झा निजामाच्या सरकारात गृहखात्याचे सचिव होते आणि १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरात त्यांनी मदतकार्य केले. पणजोबा अहमद मिर्झा पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता. गंडीपेठचे धरण त्यांच्या देखरेखीखाली झाले. आजोबा निजामाच्या रेल्वेत अभियंता. ज्या शहराला आपल्या पणजोबांनी पाणी पाजले त्या शहरात आपण परक्या कशा, हा त्यामागचा प्रश्न. आपण अखेरपर्यंत भारतीयच राहू, असेही त्यांनी ठासून सांगितले. उत्तर समर्पक होते. तथापि मला एक खंत वाटते. समजा, पणजोबांनी धरण बांधले नसते, ते साधे हमाल असते, तर? शेणाच्या मैदानापासून जगातील पहिल्या क्रमांकापर्यंतची वाटचाल हा पुरावा पुरेसा नव्हता काय?

ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना मुलगा झाला. पुष्कळांनी मानले की आता हा अध्याय संपला. जानेवारी २०२० मध्ये त्या परत आल्या आणि होबार्ट येथे युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर पहिलीच स्पर्धा जिंकल्या. बीजिंग, लंडन, रिओ आणि टोकियो अशी चार ऑलिंपिके त्या खेळल्या. रिओत रोहन बोपण्णांबरोबर कांस्यपदकाचा सामना हरल्या. ऑलिंपिकचे पदक राहून गेले ते राहूनच गेले. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पुन्हा बोपण्णाच जोडीला होते. तेथेही हार झाली. २१ फेब्रुवारीला दुबईत पहिल्याच फेरीत पराभव होऊन कारकीर्द संपली आणि ५ मार्च २०२३ रोजी हैदराबादेत, त्याच लालबहादूर मैदानावर, निरोपाचे प्रदर्शनीय सामने झाले. गंडीपेठच्या तलावापलीकडे मोइनाबाद परिसरात त्यांची टेनिस-शाळा २०१३ पासून आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस कलबुर्गी येथे चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली होती. एकूण बक्षीस २५ हजार डॉलर. तमिळनाडूच्या रामकुमार रामनाथन यांनी ऑस्ट्रियाच्या खेळाडूस हरवून ती जिंकली. व्यावसायिक टेनिसच्या जिन्याची ही खालची पायरी. अशा स्पर्धेत तेव्हा एकेरीच्या विजेत्याला ३,६०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने तीन लाख रुपये मिळत. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती २६० डॉलर, म्हणजे एकवीस-बावीस हजार रुपये पडत. त्यातून कर वजा होतो. मग गाडीभाडे, उतरण्याचा खर्च, जेवण, रॅकेटला नव्याने तारा ओढून घेण्याची मजुरी. बरोबर शिक्षक असेल तर त्याचाही खर्च. पुढच्या सोमवारी दुसऱ्या कुठल्या तरी गावी अशीच स्पर्धा सुरू होणार असते, आणि तिकडे जाणाऱ्या गाडीचे तिकीट त्या मुलाने, बहुधा घरून आलेल्या पैशांतून, आधीच काढून ठेवलेले असते.